पायातली कळ

गेल्या मे महिन्यात आमची लेक पुण्याहून घरी आली, ती जवळजवळ तिच्याइतकीच उंच अशी एक पिशवी खांद्यावर घेऊन. बल्लारशाह स्थानकावर गाडी टेकली तेव्हा सकाळचे दहाच वाजले होते, पण फलाटावरचे पत्रे तापून तडतडू लागले होते. हमालाने पिशवी उचलून पाहिली आणि विचारले, "ताई, यात काय आहे? ओझं तर लोखंडाचं लागते." ती म्हणाली, "बर्फावर घसरायच्या पट्ट्या आहेत, दादा." त्याने एकदा तिच्याकडे पाहिले, एकदा रुळांवर थरथरणाऱ्या झळांकडे पाहिले आणि पुढे काही न बोलता पिशवी डोक्यावर घेतली. वेड्याशी वाद घालू नये, एवढे शहाणपण आमच्या चंद्रपूरच्या उन्हाने सगळ्यांनाच शिकवले आहे.

मी मात्र तेवढा शहाणा नव्हतो. त्या पिशवीत काय आहे हे मला ठाऊक होते आणि ती घरात यावी अशी माझी मुळीच इच्छा नव्हती.

हे असे का, ते सांगायचे तर थोडे मागे गेले पाहिजे. मी मूळचा वसईचा. शिक्षकाची नोकरी पत्करून १९८३ साली इकडे आलो. गडचिरोली जिल्हा चंद्रपुरापासून वेगळा होऊन तेव्हा जेमतेम वर्ष झाले होते. पहिली काही वर्षे मी घोटच्या बाजूला जंगलातल्या एका गावी काढली आणि पुढे बल्लारपुरास स्थिरावलो. समुद्राकाठचा माणूस सागाच्या रानात आला, रमला आणि म्हातारा झाला. बर्फाशी माझा संबंध उसाच्या रसाच्या गाडीपुरताच.

मे २०१८ मध्ये वर्तमानपत्रांत एक बातमी आली आणि आमच्या जिल्ह्याची मान ताठ झाली. चंद्रपूर जिल्ह्यातील आश्रमशाळांचे पाच आदिवासी विद्यार्थी, मनीषा धुर्वे, प्रमेश आळे, उमाकांत मडावी, कविदास काटमोडे आणि विकास सोयाम, एव्हरेस्टच्या शिखरावर पोहोचले होते. ऑगस्ट २०१७ पासून वर्धा, हैदराबाद, दार्जिलिंग, लेह असे टप्प्याटप्प्याने त्यांना शिक्षण देण्यात आले होते आणि त्या उपक्रमाचे नाव होते 'मिशन शौर्य'. ज्या मुलांनी आपल्या गावच्या टेकडीपलीकडे उंच असे काही पाहिले नव्हते, ती जगातल्या सर्वांत उंच जागी उभी राहून आली. आमची लेक तेव्हा फिजिओथेरपीच्या शेवटच्या वर्षाला होती. बातमीचे कात्रण तिने आरशाच्या कडेला खोचून ठेवले. तिला सर्वांत नवल वाटले ते त्या मुलांच्या पायांचे. "पप्पा, ज्या पायांत शाळेत जाताना धड चप्पल नसते, त्या पायांत बारा दातांचे लोखंड बांधून ती मुलं बर्फावर चालली," ती म्हणाली. त्या लोखंडी दातांना क्रॅम्पॉन म्हणतात, हे मला त्या दिवशी प्रथम कळले.

पुढच्याच हिवाळ्यात, फेब्रुवारी २०१९ मध्ये, ती गुलमर्गला स्कीइंग शिकायला गेली. डोंगर चढायला वेळ लागतो, घसरायला पंधरा दिवस पुरतात, असा तिचा हिशेब होता. अकराव्या दिवशी फोन आला. उतारावर ती मागच्या बाजूला पडली होती. वेग असा नव्हताच. जवळजवळ थांबत आलेली असताना तोल गेला. अंग एका बाजूला वळले, पायाला बांधलेली लांब पट्टी बर्फात रुतून दुसऱ्या बाजूला राहिली आणि मधल्या गुडघ्याने त्याची किंमत मोजली. आतला आडवा स्नायुबंध तुटला. नागपुरात शस्त्रक्रिया झाली. नऊ महिने ती नीट धावू शकली नाही. दुसऱ्यांचे गुडघे वळवायला शिकलेली मुलगी स्वतःचा गुडघा धरून रात्री हुंदके देताना मी भिंतीपलीकडून ऐकली आहे.

अपघात का झाला, हे मी माझ्यापुरते लगेच ठरवून टाकले होते. स्कीला बूट जिथे बसतो तिथे एक यांत्रिक पकड असते. तिला बाइंडिंग म्हणतात. मी तिला कळ म्हणतो. माणूस पडला की ही कळ आपोआप उघडून पाय मोकळा व्हावा लागतो. ती किती जोराने उघडावी हे एका छोट्या खिडकीतल्या आकड्यावरून ठरते आणि तो आकडा स्क्रू फिरवून लावायचा असतो. भाड्याने सामान देणाऱ्या माणसाने माझ्या लेकीला वजन विचारले नाही, वय विचारले नाही, तोंडाकडे पाहून पेचकस फिरवला आणि "जाओ बेटी" म्हणाला. खिडकीत सात आकडा होता, हे तिला आठवत होते. तिच्यासारख्या पंचावन्न किलोच्या नवशिक्या मुलीला तो फार झाला, हे तिला नंतर समजले आणि तिच्याकडून मला. त्या दिवसापासून तो न पाहिलेला माणूस माझ्या रोजच्या बोलण्यात आला. रोजच्या प्रार्थनेतून मात्र मी त्याला काळजीपूर्वक वगळले.

तर अशी ही पार्श्वभूमी असताना तीच मुलगी पुन्हा त्याच वस्तू घेऊन माझ्या दारात उभी राहिली. या खेपेस भाड्याच्या नव्हे, स्वतःच्या. गुलमर्गला आलेल्या एका परदेशी माणसाकडून तिने जुन्या विकत घेतल्या होत्या. पुण्यातली खोली सोडली म्हणून सामान घरी आले होते. मी जेवताना एवढेच म्हणालो, "बाय, हे माळ्यावर टाक. माझ्या डोळ्यांसमोर नको." आमच्या हिने ताटातली नजर वर केली नाही. लेक शांतपणे म्हणाली, "टाकीन. पण आधी तुम्ही ते एकदा हातात घेऊन बघा. दोन वर्षं शिव्या देताय, ती वस्तू तुम्ही पाहिलेली नाही."

दुपारी कूलर लावून आम्ही जेवणाच्या टेबलावर त्या पट्ट्या आडव्या मांडल्या. बाहेर सेहेचाळीस अंश. वाळ्याच्या ओल्या वासात मी आयुष्यात प्रथमच स्की हातात घेतली.

माझी अपेक्षा मोठ्या, जाडजूड यंत्राची होती. दिसले ते पुढे एक छोटा चिमटा आणि मागे एक छोटा लोखंडी मनोरा, एवढेच. चिमट्याच्या दोन जबड्यांना आतल्या बाजूने टोकदार खुंट्या होत्या. बुटाच्या नाकाजवळ दोन्ही बाजूंना धातूच्या खळग्या असतात, त्यांत या खुंट्या शिरतात. मागच्या मनोऱ्यातून दोन बोटभर खुंट्या पुढे आलेल्या. त्या बुटाच्या टाचेत बसतात. एका पायाची सगळी कळ अर्ध्या किलोच्या आतबाहेर. ज्या भाड्याच्या कळेने तिचा गुडघा गेला ती याच्या दुपटीहून जड होती.

"चढताना हे असं," म्हणून तिने मागचा मनोरा वळवला. खुंट्या बाजूला झाल्या आणि टाच मोकळी झाली. बुटाचे नाक तेवढे धरलेले, टाच वर उचलता येते, म्हणजे माणूस चालू शकतो. स्कीच्या तळाला केसाळ पट्टा चिकटवतात. त्याचे केस पुढे जाताना आडवे पडतात आणि मागे घसरताना उभे राहून बर्फाला धरतात. पूर्वी तो सीलच्या कातड्याचा असे, आता बकऱ्यांच्या केसांचा किंवा नायलॉनचा असतो. अशा रीतीने पाळणा, दोरखंड, यंत्र काही नसलेल्या डोंगरावर माणूस स्वतःच्या पायांनी चढतो. माथ्यावर पोहोचला की पट्टा काढून खिशात घालतो, मनोरा सरळ करतो, टाच खाली दाबतो, कट्ट असा आवाज होतो आणि पाय व पट्टी एक होतात. मग उतरायचे. चढताना मोकळी आणि उतरताना जखडलेली, अशी टाचेची दोन आयुष्ये ती एकच वस्तू सांभाळते.

मी मास्तर आहे. गोष्टीचे मूळ विचारल्यावाचून मला चैन पडत नाही आणि लेकीला हे माहीत होते. तिने ती सगळी कथा तयारच ठेवली होती, असा मला आता संशय येतो.

नॉर्वेत टेलेमार्क नावाच्या भागात सोन्द्रे नुर्हाइम नावाचा एक गरीब कूळ राहत असे. त्याच्या आधी स्कीला पाय अडकवायला पुढे नुसता एक वाद असे. चालायला पुरे, पण उडी मारली की पट्टी एकीकडे आणि माणूस दुसरीकडे. याने लवचिक फांद्या पिळून त्यांचा वेढा टाचेमागून घेतला. १८६८ साली तो राजधानीच्या शर्यतीत उतरला तेव्हा तिथली माणसे थक्क झाली. पाय पट्टीला धरून राहिला होता, म्हणून तो तिला हवी तशी वळवू शकत होता. फांद्यांच्या जागी पुढे लोखंड आले. १९२७ मध्ये ब्रोर विथ नावाच्या नॉर्वेच्याच माणसाने बुटाचा पुढचा भाग चावून धरणारी कळ केली. तिचे नावच मुळी त्यांच्या भाषेत 'उंदराचा सापळा' असे पडले. मग टाचेमागून तारेचा फास आला. प्रत्येक सुधारणा पाय अधिकाधिक घट्ट धरण्याची. आणि पाय जितका घट्ट धरला जाऊ लागला, तितकी नडगीची हाडे मोडू लागली.

इथे लेकीने जरा थांबून माझ्याकडे पाहिले. "पाय सोडायचा कसा, हा विचार कुणाला सुचला असेल सांगा?"

सुचला तो पाय मोडलेल्यालाच. याल्मार व्हाम नावाचा नॉर्वेहून अमेरिकेत गेलेला, शर्यती जिंकणारा स्कीपटू. १९३७ मध्ये ओरेगॉन राज्यातल्या माउंट हूडवर त्याचा पाय मोडला आणि दवाखान्याच्या खाटेवर पडल्या पडल्या त्याने पडताक्षणी सुटणाऱ्या कळेचे चित्र कागदावर काढले. सुटणाऱ्या कळांची परंपरा तिथून सुरू झाली. टेबलावर होती ती आणखी पुढची: ऑस्ट्रियातल्या फ्रिट्झ बार्टेल या तरुणाने १९८० नंतरच्या दशकात जड सामान ओढत डोंगर चढून थकल्यावर केलेली. पायातल्या ओझ्याचा शीण पाठीवरच्या ओझ्याच्या कितीतरी पट असतो. ज्याने चिखलाने भरलेल्या चपलांनी धानाचा बांध चालून पाहिला आहे त्याला हे वेगळे सांगायला नको.

आमची ही एवढा वेळ दारात उभी राहून ऐकत होती. तिने आपला प्रश्न विचारला: "या खेळाला कुणी संत आहे का गं?" लेकीला हे ठाऊक नव्हते. मला होते. मेंथॉनचे संत बर्नार्ड. आल्प्सच्या खिंडीत वाटसरूंसाठी आश्रम उभारणारे. ज्यांच्या नावाचे मोठे केसाळ कुत्रे सर्वांना माहीत आहेत तेच. त्यांना १९२३ मध्ये गिर्यारोहकांचे आश्रयदाते म्हणून घोषित केले पोप अकरावे पायस यांनी, आणि हे पोपमहाशय स्वतः धर्मगुरू असताना १८८९ मध्ये माँटे रोझाच्या शिखरावर चढून गेले होते. पोप दुसरे जॉन पॉल तर पोप झाल्यावरही स्की करीत. जुलै १९८४ मध्ये इटलीच्या आदामेल्लो हिमनदीवर ते उतरले तेव्हा पाहायला त्या देशाचे राष्ट्राध्यक्ष पेर्तिनी उभे होते. हे ऐकून हिचा विरोध निम्म्याने ओसरला. पोपसाहेबांनी केलेली गोष्ट आपल्या मुलीने करू नये, असे म्हणण्याची तिची तयारी नव्हती. मी आपल्याच हाताने आपला मोहरा गमावला. असो.

पण खरे सांगायचे तर माझे मन त्या टेबलावर उरलेच नव्हते. 'सुटणारी कळ' हे शब्द कानी पडल्यापासून मी चाळीस वर्षे मागे, घोटच्या वाटेवरच्या एका नाल्यावर जाऊन उभा होतो.

इकडे बैलगाडीला बंडी म्हणतात. बंडीचे जू बैलाच्या मानेवर असते. मानेच्या बाजूने जुवात एक लाकडी खुंटी असते, ती शिवळ. आणि शिवळेपासून बैलाच्या गळ्याखालून जाणारा पट्टा म्हणजे जोते. शिवळ उपसली की जोते सुटते आणि बैल मोकळा होतो. शेतकऱ्याची लहान पोरेही डोळे मिटून ती उपसू शकतात. १९८४ चा श्रावण होता. आदल्या रात्रीच्या पावसाने नाला फुगून रपट्यावरून गुडघाभर पाणी वाहत होते. माझ्या शाळेतल्या एका मुलाचे वडील खताची पोती घेऊन बंडी पलीकडे काढत होते आणि मी व दोन मुले अलीकडे थांबून पाहत होतो. रपट्याच्या मध्यावर उजव्या बैलाचा पाय कडेवरून गेला. बंडी कलली, पोती घसरली आणि सगळे ओझे त्या बाजूला जाऊन दोन्ही बैलांसह ती खाली पाण्यात गेली. त्या माणसाने उडी मारली. डावी शिवळ एका हिसड्यात निघाली. तो बैल धडपडत वर आला. उजवी निघेना. त्याने दगडाने ठोकली, दोन्ही हातांनी उपसली, शेवटी कमरेच्या विळ्याने जोते कापू लागला. पण कातडी जोत्याच्या जागी त्याने नायलॉनचा दोर बांधला होता आणि भिजलेला नायलॉन विळ्याला दाद देईना. मी पाण्यात कमरेपर्यंत उतरलो होतो. त्यापुढे उतरलो नाही. बैलाचे डोळे पाण्यावर होते ते मग दिसेनासे झाले.

संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेलो. उजवी शिवळ तेवढी का अडकली, हे विचारायची ती वेळ नव्हती. तरी मी विचारले. शिक्षकाला प्रश्न आवरत नाहीत. तो माणूस अंगणातल्या मोकळ्या खुंट्याकडे पाहत म्हणाला, "ढिली होती तं वाटंत निंगून जाये, गुरुजी. मनून ठोकली."

हे मी लेकीला सांगितले. कधी सांगितले नव्हते. घरात कुणालाच नाही. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "पप्पा, अगदी हेच आहे. कळ ढिली ठेवली तर नको तिथे सुटते. सपाट उतारावर सुटली तर माणूस पडतो, हसतो, उठतो. पण उभ्या कड्याच्या तोंडाशी, खाली खडक असताना सुटली तर माणूस जातो. म्हणून मोठ्या डोंगरांवर उतरणारे निष्णात लोक कधीकधी मुद्दामच स्क्रू आवळून ठेवतात. पाय मोडला तरी चालेल, पण पट्टी सुटायला नको, असा तो हिशेब. चढतानाही पुढचा चिमटा खटका ओढून पक्का करता येतो, म्हणजे तो उघडतच नाही. आणि नेमकं तेव्हाच वरून हिमकडा सुटला, तर त्या पट्ट्या नांगरासारख्या माणसाला खाली ओढतात."

"मग करायचं काय?" मी विचारले.

"प्रत्येक वेळी ठरवायचं," ती म्हणाली.

या उत्तराने माझे समाधान झाले नाही हे तिने ओळखले असावे, कारण मग तिने ते बोलून दाखवले जे ती बहुधा पुण्याहूनच ठरवून आली होती. त्या भाड्याच्या दुकानवाल्याबद्दल. ती म्हणाली, वजन न विचारता पेचकस फिरवणे ही त्याची चूकच होती आणि ती तिने पुढच्या वर्षी त्याला तोंडावर सांगितलीही. परंतु तिचा गुडघा त्यामुळेच गेला, असे मात्र ती आता म्हणू शकत नाही. सुटणाऱ्या कळा चांगल्या झाल्या तशी गेल्या पन्नास वर्षांत नडगीची हाडे मोडणे फार कमी झाले, हे खरे. ती कळ तयारच नडगीसाठी झालेली. आकडा ठरवायला पूर्वी गुडघ्याखालच्या हाडाच्या माथ्याची रुंदी मोजत असत, यावरूनच ते कळते. गुडघ्यातल्या स्नायुबंधाला तेवढे संरक्षण तिच्याकडून मिळाले नाही. माणूस हळू वेगात, वजन मागे गेलेले असताना, गुडघा दुमडून पडतो तेव्हा तो पीळ गुडघ्याच्या आतच बसतो. पुढच्या आणि मागच्या कळेपर्यंत तो पुरेशा जोराने पोहोचतच नाही. "आकडा सातऐवजी साडेचार असता तर कदाचित वाचले असते, कदाचित नसते. मी आता रोज असे गुडघे पाहते, पप्पा. कित्येकांचे आकडे बरोबर होते."

मला हे आवडले नाही. दोन वर्षे नव्हे, त्याहून अधिक काळ मी एका माणसाला नीट जखडून ठेवले होते. तो असा सहजासहजी सुटून जावा ही कल्पना मला सहन होईना. मी म्हणालो, "म्हणजे तो निर्दोष?" ती म्हणाली, "नाही. दोषी आहे, पण तुम्ही लावलात तेवढा नाही." वजनमापात मुलगी माझ्यापेक्षा काटेकोर निघाली. मी उठून कूलरमध्ये पाणी ओतून आलो. पाणी संपले नव्हते.

त्या रात्री मला झोप आली नाही. उकाडा होताच. मनात येत होती ती आश्रमशाळेची मुले. दहाजण निवडले गेले होते, पाच शिखरावर पोहोचले. नावे वर्तमानपत्रांत आली ती पाचांची. जिवतीच्या डोंगरातल्या एखाद्या घरी त्या मे महिन्यात एखादा बाप असाच खाटेवर जागा पडून असेल. मी पुस्तके वाचलेली, माझ्या हातात फोन. कोणती कळ कशी उघडते ते माझी लेक मला टेबलावर मांडून दाखवते. त्याच्यापुढे कुणी क्रॅम्पॉन मांडला होता का? बुटाला तो पुढून पट्ट्याने बसतो की लोखंडी कडीने, मागचा खटका कसा लागतो, हे त्याला कुणी सांगितले असेल का? क्रॅम्पॉनच्या बाबतीत तर सुटण्याचा प्रश्नच नाही. तो सुटला की सगळे संपले. तो फक्त धरून ठेवण्यासाठी आहे. तरीही त्या बापाने पोराला जाऊ दिले. आणि मी माळ्याची भाषा करीत होतो.

सकाळी मी तिला विचारले, "तुझा आकडा किती यायला हवा, ते कसं काढतात?"

तिने लगेच उत्साह दाखवला नाही, हे तिचे शहाणपण. तिने एक तक्ता काढला. वजन, उंची, वय, बुटाच्या तळव्याची मिलिमीटरमधली लांबी आणि स्कीवर स्वार होण्याची रीत, म्हणजे जपून, मध्यम की बेफाम. या पाचांवरून आकडा निघतो. तळवा लांब असला तर तरफ लांब होते, म्हणून आकडा कमी. वय पन्नासच्या वर गेले तर हाडे जुनी होतात, म्हणून आकडा कमी. बेफाम माणसाला जास्त. त्याची कळ फुटकळ धक्क्यांना उघडून चालत नाही. "तू यात कोणती?" मी विचारले. ती "मध्यम" म्हणाली. मी तिच्याकडे पाहिले. "खरंच मध्यम, पप्पा. या तक्त्यात खोटं बोललं की त्याची किंमत गुडघाच देतो."

वाण्याकडच्या वजनकाट्यावर मी तिला उभी केली. घरच्या काट्यावर माझा विश्वास नव्हता. छप्पन किलो. बुटाच्या तळव्यावर लांबी कोरलेली होती: दोनशे पंच्याऐंशी. तक्त्याच्या ओळीवर मी लाकडी पट्टी ठेवून, शाळेत हजेरीपट वाचावा तसे दोनदा वाचून पाहिले. साडेचार. तिने पेचकस माझ्या हाती दिला.

मागच्या मनोऱ्यात दोन स्क्रू असतात. एक, पाय बाजूला वळला तर सोडण्याचा. दुसरा, टाच वर उचलली गेली तर सोडण्याचा. आधीच्या मालकाने दोन्हींवर आठ लावून ठेवले होते. मी उलटा फिरवू लागलो. खिडकीतली खूण इतकी हळू सरकते, की ती सरकते आहे हे मान्य करायला डोळे वेळ घेतात. सहा. साडेपाच. पाचवर मी थांबलो. माझा हात पुढे जाईना. "वाटेत सुटली तर?" मी म्हणालो. ती काही बोलली नाही. उत्तर तक्त्यात होते आणि तक्ता मी दोनदा वाचला होता. मी अर्धा आकडा आणखी सैल केला.

मग ती गच्चीवर बूट घालून उभी राहिली. पुढचा चिमटा लागला, खटका तिने मुद्दाम खाली सोडलेला दाखवला, "हा वर ओढलेला राहिला तर सगळा हिशेब वाया." टाच खाली दाबली. कट्ट. मी तिच्या समोर उकिडवा बसून स्कीचे टोक दोन्ही हातांनी फरशीवर दाबून धरले आणि तिने सगळा जोर एकवटून पाय आतल्या बाजूला पिळला. शस्त्रक्रियेचा पाय नव्हे, दुसरा. आधी काहीच झाले नाही. पट्टी माझ्या हातांत थरथरत राहिली. मग एकदम मोठा आवाज झाला, टाच सुटली आणि ती हसत मागच्या कठड्याला टेकली. शेजारच्या काकूंनी खालून ओरडून विचारले, "काय मोडलं हो?"

"काही नाही, काकू," ती म्हणाली.

गच्चीची फरशी एव्हाना पायाला चटके देऊ लागली होती. हिने खालून दुसऱ्यांदा हाक मारली. पण अजून उजव्या पायाची कळ तपासायची राहिली होती, शस्त्रक्रियेच्या पायाची. मी दुसरी स्की ओढून घेतली आणि पुन्हा खाली बसलो.